सहा गोळ्या आणि त्यांचा हिशेब

जव्हार-मोखाड्याच्या निर्जन रस्त्यांवर परवान्याचे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याला खिशातल्या जादा काडतुसांचा मोठा आधार वाटतो. यंत्राची मर्यादा आणि कायद्याची चौकट पाहिली, तर या काडतुसांचा उपयोग थोडा आणि जबाबदारी मोठी असल्याचे दिसते.

प्रतिनिधी, जव्हार

‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे हस्तगत’ हे वाक्य वृत्तपत्रांच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. बेकायदा शस्त्रांची बातमी पोलीस ठाण्यातून येते, छापली जाते आणि विसरलीही जाते. परवाना घेऊन, रीतसर पैसे मोजून, दुकानदाराच्या नोंदवहीत सही करून घेतलेल्या काडतुसांची मात्र सहसा चर्चा होत नाही. ती कोठे ठेवावीत, किती बाळगावीत, बरोबर किती न्यावीत आणि गरज पडलीच तर ती रिव्हॉल्व्हरमध्ये भरायची कशी, हे प्रश्न परवानाधारकाच्या घरातच राहतात.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत या प्रश्नांना वेगळे वजन आहे. त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाटाने येणारा रस्ता मोखाडा तालुक्यात शिरतो. मोखाड्यापासून जव्हार पंचवीस किलोमीटरच्या आसपास आणि जव्हारपासून जिल्ह्याचे ठिकाण असलेले पालघर आणखी सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. वाटेत घाट, वळणे, विरळ वस्ती आणि बराच वनप्रदेश. पावसाळ्यात दाट धुके. अनेक पाड्यांवर मोबाइलला ‘रेंज’ मिळत नाही. एकेकाळी मुकणे राजघराण्याचे संस्थान असलेला हा डोंगराळ मुलूख आज मुंबई, ठाणे आणि नाशिककरांच्या सुट्टीच्या सहलीचे ठिकाण झाला आहे. दाभोसा धबधबा, जयविलास राजवाडा आणि थंड हवा यांच्यासाठी येणाऱ्यांबरोबरच रोख रक्कम घेऊन फिरणारे व्यापारी, कंत्राटदार आणि पेट्रोल पंपचालकही या रस्त्यांवरून रात्री-अपरात्री प्रवास करतात. अशा ठिकाणी ‘जवळ काहीतरी असावे’ ही भावना बळावते. ते ‘काहीतरी’ म्हणजे बहुतेकदा ०.३२ बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हर.

त्याच्या चक्रात सहा गोळ्या मावतात. सहा संपल्या तर काय, हा प्रश्न साहजिकच मनात येतो आणि त्याचे उत्तर म्हणून जादा काडतुसे खिशात येतात. हे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

०.३२ च का?

भारतात अग्निशस्त्रांची विभागणी ‘निषिद्ध’ आणि ‘अनिषिद्ध’ बोअर अशी केली जाते. पोलीस व लष्कर वापरत असलेली ९ मिलिमीटर किंवा ०.३८ बोअरची हातातली शस्त्रे सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्याच्यासाठी ०.२२, ०.३२ यांसारखे बोअर खुले आहेत. ०.३२ म्हणजे इंचाचे शतांश. मेट्रिक मापात गोळीचा व्यास सुमारे आठ मिलिमीटर भरतो. हे काडतूस मूळ अमेरिकेतले, १८९६ मधले. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. या कडेमुळे ते चक्राच्या खान्यात अडून बसते आणि उडाल्यावर त्याच कडेला धरून पुंगळी बाहेर काढता येते.

या काडतुसांशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. भारतीय बनावटीची ०.३२ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यानंतर ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेला. काडतुसाच्या बुडावर रोमन लिपीत कोरलेली ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे खडकीची खूण आहेत.

रिव्हॉल्व्हर मात्र कानपूरचे. तेथील सरकारी कारखान्यांत ०.३२ ची रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे बनत आली आहेत. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांना डोळ्यांसमोर ठेवून बाजारात आणले गेले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. पहिल्या दोन प्रकारांत आणि ‘प्रबल’मध्ये एक महत्त्वाचा फरक आहे आणि तो नेमका गोळ्या पुन्हा भरण्याच्या पद्धतीशी निगडित आहे.

दोन तऱ्हा, दोन अडचणी

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या एका फिरत्या चक्राच्या खान्यांत असतात. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन सुटतो आणि काडतुसाच्या बुडाच्या मध्यावरील टोपीवर आघात होतो. पिस्तुलाप्रमाणे येथे मुठीत सरकवायचे मॅगझिन नसते. म्हणूनच पिस्तूल भरणे म्हणजे एक डबी काढून दुसरी घालणे, तर रिव्हॉल्व्हर भरणे म्हणजे सहा खाने रिकामे करून सहा खाने भरणे.

कानपूरची जुनी रिव्हॉल्व्हर आणि ‘निर्भीक’ ही ब्रिटिश वेब्ली धाटणीची आहेत. मागच्या बाजूची खिट्टी दाबली की नळी व चक्र पुढे वाकते आणि शस्त्र मधोमध मोडल्यासारखे उघडते. त्याच वेळी चक्राच्या मध्यातून चांदणीच्या आकाराचा एक तुकडा वर येतो आणि सहाही काडतुसे एकदम उचलतो. रिकाम्या पुंगळ्या काढण्याची ही जलद पद्धत आहे. तिच्यात एक दोष मात्र आहे. उडालेल्या पुंगळ्यांबरोबर न उडालेली काडतुसेही बाहेर पडतात. शिवाय शस्त्र आडवे धरून अर्धवट उघडले, तर एखादी पुंगळी चांदणीच्या खाली अडकते आणि रिव्हॉल्व्हर मिटतच नाही. अंधारात ही अडकलेली पुंगळी काढणे महाकठीण.

‘प्रबल’मध्ये चक्र बाजूला उघडते. जगभर आज ही पद्धत रूढ आहे. चक्र बाजूला काढून पुढच्या दांडीवर तळहाताने दाब दिला की पुंगळ्या मागे ढकलल्या जातात. छोट्या शस्त्रात येथेही अडचण येते. नळी आखूड, म्हणून दांडीही आखूड. ती पुंगळी पूर्ण लांबीपर्यंत ढकलू शकत नाही. गरम होऊन फुगलेली एखादी पुंगळी अर्ध्यावर अडून राहते. यासाठी नळीचे तोंड वर करून जोराने दांडी दाबावी, म्हणजे पुंगळ्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात, आणि नव्या गोळ्या भरताना तोंड जमिनीकडे करावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. पूर्ण वेळ बोट चापापासून दूर हवे, हे सांगायला नको.

ही सारी क्रिया दोन हातांची आहे. ज्याच्या एका हातात मुलाचा हात आहे, गाडीचे चाक आहे किंवा ज्याचा एक हात जखमी आहे, त्याला ती जवळजवळ अशक्य. सराव असलेल्या माणसालाही काही सेकंद लागतात आणि त्या सेकंदांत त्याच्या हातात असते ते उघडे, निरुपयोगी लोखंड.

जादा गोळ्या नेण्याच्या रीती

यावर जगाने शोधलेले उपाय शंभर वर्षांहून जुने आहेत. पहिल्या महायुद्धात वेब्ली वापरणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी सहा काडतुसे वर्तुळात धरून ठेवणारे साधन विक्रीस आले होते. सहाही गोळ्या एका दमात चक्रात सोडता येत. याच कल्पनेची आधुनिक आवृत्ती म्हणजे ‘स्पीडलोडर’. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे एप्रिल १९७० मध्ये झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार जवान मारले गेले. त्या काळी रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक गोळी हाताने भरावी लागत असे. या घटनेनंतर तेथील पोलीस दलाने स्पीडलोडरचा अवलंब केला.

स्पीडलोडरचा तोटा असा, की तो चक्राएवढाच जाड असतो. छोटे शस्त्र कपड्याखाली दिसू नये म्हणून घ्यायचे आणि त्याच्या दुप्पट फुगवटा खिशात बाळगायचा, यात अर्थ राहत नाही. म्हणून रबराच्या चपट्या पट्टीचा पर्याय निघाला. तिच्यात काडतुसे एका रांगेत कडेला धरून बसतात. एका वेळी दोन-दोन गोळ्या खान्यात घालून पट्टी बाजूला ओढायची. वेळ थोडा अधिक लागतो, पण पट्टी पाकिटासारखी खिशात मावते. तिसरी, आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी रीत म्हणजे कमरेच्या चामडी पट्ट्यावर शिवलेली काडतुसांची घरे. आणि चौथी, सर्वांत वाईट, म्हणजे सुट्या गोळ्या खिशात टाकणे. तेथे त्या नाण्यांत आणि किल्ल्यांत मिसळतात, वाजतात, घामाने खराब होतात आणि हव्या त्या क्षणी हातात किल्लीच येते.

चामडी पट्ट्याबद्दल जव्हारसारख्या पावसाळी प्रदेशात अधिक सावध राहावे लागते. कमावलेल्या चामड्यातील आम्ले आणि हवेतील ओलावा यांमुळे पितळी पुंगळीवर हिरवट कळंक चढतो. कळंकलेले काडतूस खान्यात नीट बसत नाही किंवा बसले तर निघत नाही. दमट कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या काडतुसाची टोपी वा आतील दारू सादळू शकते. असे काडतूस चाप ओढल्यावर उडत नाही. क्वचित क्षणभर उशिराने उडते. सरावात असे झाल्यास शस्त्र लगेच उघडून पाहणे धोक्याचे ठरते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून काही काळ थांबावे, हा नियम त्यासाठीच आहे. जादा काडतुसांचा साठा करण्यापेक्षा असलेली थोडी काडतुसे कोरडी, स्वच्छ आणि ठरावीक काळाने बदललेली असणे अधिक मोलाचे.

झाकून नेणे ही सवलत नव्हे, अट

परदेशी चित्रपट आणि मालिका पाहून अनेकांचा समज होतो, की शस्त्र लपवून बाळगण्यासाठी वेगळी परवानगी लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांत तशी पद्धत आहे किंवा होती. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातातले शस्त्र न्यायचे असेल, तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असले पाहिजे. शस्त्र दाखवत फिरणे, परजणे आणि आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडणे यांस मनाई आहे. लग्नाच्या वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत केलेल्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

याचा दुसरा अर्थ असा, की हॉटेलच्या टेबलावर किंवा गाडीच्या ‘डॅशबोर्ड’वर ठेवलेले रिव्हॉल्व्हर परवान्याचे असले तरी नियमबाह्यच. गाडीच्या पुढच्या कप्प्यात काडतुसे टाकून धबधबा पाहायला उतरणे हेही ‘प्रत्यक्ष ताब्यात’ या संकल्पनेत बसत नाही. ती चोरीला गेली, तर पहिला प्रश्न परवानाधारकालाच विचारला जाणार.

परवान्यावरचे आकडे

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवाना केवळ शस्त्राला नव्हे, तर काडतुसांनाही लागतो. जव्हार-मोखाड्यासारख्या ग्रामीण भागात हा परवाना जिल्हाधिकारी देतात. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होऊन अहवाल जातो. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे हा अधिकार आयुक्तांकडे असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झाल्यापासून वसईचा भाग त्या आयुक्तालयाकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली.

परवान्यावर काडतुसांविषयी दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर आणि स्वतःच्या वहीत करतो. या आकड्यांपलीकडची काडतुसे परवान्याबाहेरची ठरतात. मित्राकडून उसनी घेतलेली किंवा वडिलांच्या जुन्या बंदुकीसाठी आणलेली काडतुसे आपल्या परवान्यात आपोआप बसत नाहीत. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुळात परवानाच नसेल, तर कलम २५ लागू होते. तेथे २०१९ नंतर किमान शिक्षा दोन वर्षांची असून ती पाच वर्षांपर्यंत वाढू शकते. रिकाम्या पुंगळीत घरी पुन्हा दारू व गोळी भरणे म्हणजे दारूगोळ्याची निर्मिती. स्वसंरक्षणाचा परवाना त्यासाठी चालत नाही.

तिसरी नोंद क्षेत्राची. परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा देशभरासाठी असू शकतो. जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्याला याचे भान अधिक ठेवावे लागते, कारण हे तालुके सीमेवर आहेत. परवाना पालघर जिल्ह्यापुरता असेल, तर त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या मोखाड्याच्या माणसाची हद्द नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर संपते. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर जव्हारहून उत्तरेला दादरा व नगर हवेलीत शिरताच तो निरुपयोगी होतो. रिव्हॉल्व्हर घरी ठेवले आणि काडतुसांची पट्टी मात्र जाकिटात राहिली, तरीही कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही.

विसरलेले एक काडतूस

जादा काडतुसांचा सर्वांत मोठा धोका गोळीबाराचा नसून विसराळूपणाचा आहे. पिशवीच्या तळाशी राहिलेले एक काडतूस विमानतळावरील क्ष-किरण तपासणीत दिसते आणि कामानिमित्त दिल्लीला निघालेला माणूस पोलीस ठाण्यात पोहोचतो. परवाना असल्याचे सांगितले तरी कागद पाहिले जातात, जबाब होतात, विमान निघून जाते. परवाना दुसऱ्याचा असेल, म्हणजे वडिलांची पिशवी मुलाने उचलली असेल, तर प्रकरण गुन्हा नोंदवण्यापर्यंत जाते.

अशा प्रकरणांत न्यायालये ‘जाणीवपूर्वक ताबा’ ही कसोटी लावतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात ताब्याचा अर्थ स्पष्ट करताना जाणिवेचा घटक आवश्यक मानला. अभिनेता संजय दत्त याच्या प्रकरणात १९९४ मध्ये घटनापीठानेही हीच कसोटी सांगितली. त्यामुळे नकळत राहिलेल्या एकट्या काडतुसाचे अनेक गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केले आहेत. तो दिलासा मिळेपर्यंत वकील, तारखा आणि पारपत्रातील अडचणी यांत गेलेला काळ मात्र कोणी परत देत नाही.

दुसरा विसर घरातला. परवानाधारकाचे निधन झाल्यावर त्याच्या ट्रंकेत, देवघराच्या कप्प्यात किंवा जुन्या कोटात काडतुसे सापडतात. परवाना व्यक्तीबरोबर संपतो. कलम २१ नुसार असे शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. ‘बाबांची आठवण’ म्हणून ठेवलेली दोन काडतुसे वारसांसाठी गुन्ह्याचे कारण होऊ शकतात. नदीत टाकणे किंवा परसात पुरणे हाही मार्ग नव्हे. जमा करून पावती घेणे, एवढेच पुरते.

भरलेले शस्त्र, मोकळे कपाट

शहरी वाचकांना १ ऑक्टोबर २०२४ ची घटना आठवत असेल. अभिनेता गोविंदा पहाटे प्रवासाच्या तयारीत असताना परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले आणि त्यातून सुटलेली गोळी त्याच्या पायात घुसली. प्राण वाचले, पण भरलेल्या रिव्हॉल्व्हरचा धोका बाहेरच्या हल्लेखोराइतकाच घरातल्या माणसाला असतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतुसाची टोपी यांच्यामध्ये अडसर नसतो. शस्त्र घोड्यावर आपटले की गोळी उडू शकते. म्हणूनच अशी शस्त्रे बाळगणारे जाणकार घोड्यासमोरचा खाना रिकामा ठेवतात. सहा खान्यांच्या शस्त्रात पाचच गोळ्या. क्षमता एकने कमी होते, घरच्यांची सुरक्षितता वाढते. अडसर असलेल्या नव्या शस्त्राला ही गरज नसली, तरी घरी ठेवताना शस्त्र रिकामे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, हा नियम दोहोंना सारखाच लागू आहे.

शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईने पाहिला. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर झाडण्यात आलेल्या गोळ्या हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलातील होत्या. त्या परवानाधारकालाही अटक झाली. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ नंतर बाराशेहून अधिक शस्त्र परवान्यांचा विषय गाजला आणि प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. परवाना ही एकदा मिळालेली मालमत्ता नव्हे. कलम १७ खाली तो स्थगित वा रद्द करता येतो.

निवडणुकीच्या काळात शस्त्र व काडतुसे जमा करण्याचा आदेश येतो, तोही याच विचारातून. सरसकट सर्वांची शस्त्रे मागू नयेत, प्रत्येक प्रकरणाची छाननी समितीने करावी, हा दंडक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढील २००९ च्या प्रकरणातून पुढे आला. नोटीस आल्यास शस्त्राबरोबर शिल्लक काडतुसांची संख्याही पावतीवर लिहून घेणे परवानाधारकाच्या हिताचे असते.

सातव्या गोळीची गरज

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याची मर्यादाही तेथेच आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळून जाणाऱ्या माणसावर झाडलेली गोळी स्वसंरक्षणाची ठरणे अवघड. मग चक्र रिकामे करून, पुन्हा भरून झाडलेल्या सातव्या गोळीचे समर्थन न्यायालयात किती कठीण जाईल, याची कल्पना करता येते. पुन्हा गोळ्या भरण्याइतका वेळ मिळाला होता, तर तेथून निघून जाण्याइतका वेळ नव्हता काय, हा प्रश्न सरकारी वकील विचारल्याशिवाय राहणार नाही.

घाटातील प्रसंगाचे स्वरूपही लक्षात घ्यावे. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा नेम घाबरलेल्या हाताने काही मीटरपलीकडे भरवशाचा राहत नाही. सुटलेली गोळी झाडीमागे असलेल्या पाड्याकडे जाऊ शकते. जव्हार-मोखाड्याच्या जंगलात माणसांचा राबता मोठा आहे. लाकूडफाटा, मोहाची फुले, रानभाज्या, गुरे यांसाठी आदिवासी बांधव पहाटेपासून रानात असतात. २०२५ च्या जानेवारीअखेर याच जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने सावज समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि त्याचा जीव गेला. तो प्रकार बेकायदा शिकारीचा होता, पण झाडीतली हालचाल ओळखण्यात होणारी चूक परवानाधारकाकडूनही होऊ शकते. ‘मोकळे रान आहे, जरा सराव करू’ हा विचारही त्याच कारणासाठी टाळायला हवा. सराव अधिकृत नेमबाजी केंद्रावरच करता येतो आणि २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षणही आवश्यक केले आहे.

निर्जन रस्त्यावर जादा काडतुसांपेक्षा साध्या खबरदाऱ्या अधिक कामाच्या आहेत. रोख रक्कम कमी ठेवणे, उजेडात घाट ओलांडणे, निघण्याची वेळ घरी कळवणे, ‘रेंज’ कोठे मिळते हे माहीत असणे आणि ११२ हा क्रमांक पाठ असणे. यांतली एकही गोष्ट परवान्याच्या अटीत अडकत नाही.

परवानाधारकांसाठी

• काडतुसांची संख्या ठरावीक काळाने मोजा आणि परवान्यावरील नोंदींशी ताडून पाहा.
• सुटी काडतुसे खिशात, पर्समध्ये किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. बरोबर न्यायचीच असतील तर पट्टी किंवा बंद पाकीट वापरा आणि घरी आल्यावर लगेच मोजून कुलपात ठेवा.
• प्रवासाला निघण्यापूर्वी, विशेषतः विमानतळावर जाण्यापूर्वी, पिशवीचा प्रत्येक कप्पा रिकामा करून पाहा.
• परवान्याचे क्षेत्र वाचा. जिल्ह्याची व राज्याची सीमा ओलांडताना ते आठवा.
• कळंकलेली, ओली झालेली किंवा फार जुनी काडतुसे वापरू नका, फेकूही नका. विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.
• गोळ्या भरण्या-काढण्याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आधी बनावट काडतुसांनी करा. घरात जिवंत काडतुसांनी असा सराव करू नका.
• शस्त्र वा काडतूस हरवल्यास त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

परवाना देताना सरकार एका नागरिकावर मोठा विश्वास टाकत असते. खडकीहून निघालेले प्रत्येक काडतूस दुकानदाराच्या वहीतून परवान्यावर येते. तेथून पुढचा हिशेब लिहिणारा कोणी नसतो. तो परवानाधारकालाच ठेवावा लागतो. सहा गोळ्या पुरतील का, याची चिंता अनेकांना असते. सहाच्या सहा आज कोठे आहेत, हे ज्याला न पाहता सांगता येते, तोच त्या बाळगण्यास पात्र म्हणावा लागेल.